सर्व्हर रूममधली दुपार

३ मार्च
धाकटे शेठ (यापुढे धा.शे., दर वेळी एवढं कोण लिहिणार) आज मीटिंगमध्ये म्हणाले, जुना सर्व्हर यंदा रिटायर. हे मी केव्हापासून सांगतेय. पण पुण्याच्या कुठल्याशा प्रदर्शनात कुणीतरी टाय घातलेल्यानं सांगितलं, तेव्हा ते खरं झालं. असो. झालं ना.
म्हणजे करायचं असं: चिंचोळीच्या कारखान्यातला हा जुना डबा आहे तसा उचलायचा. टॉवेलची डिझाइनं, ऑर्डरी, लेबलं, त्याच्या सगळ्या खोडींसकट. आणि सात रस्त्याच्या ऑफिसात नवीन मोठं मशीन आलंय, त्याच्या पोटात उतरवायचा. लोखंड इथंच राहील, आतला जीव तिकडे जाईल. प्रोग्रॅम नव्यानं बसवायची सोय नाही, कारण ज्यानं लिहिला तो दुबईला गेला तो गेलाच.
जेवताना यांना समजावलं. म्हटलं, भाडेकरू समजा. स्वतःचं पडकं घर सोडून दुसऱ्याच्या मोठ्या घरातल्या एका खोलीत येतो, पण भांडी त्याच जागी, खुंट्या त्याच जागी.
"मग त्याला कळणार नाही घर बदललं?"
"कळता कामा नये. तेच तर काम आहे."
हे म्हणाले, अशी बदली आमच्या बँकेत झाली असती तर बरं होतं.

५ मार्च
कॉपी काढण्याची पहिली तालीम. चालत्या मशीनची कॉपी काढायची, तेही पॅकिंग खात्याला न कळता. चालत्या बसचा टायर बदलण्यातली गत. पण जमलं. लई खूश. (दत्ता वायरमनचा शब्द. लागलाय तोंडाला.)
धा.शे. खोलीत डोकावून गेले. "छान. म्हणजे एप्रिलमध्ये ही खोली मोकळी. सॅम्पल ठेवू इथं. आणि हा एसी पाहुण्यांच्या खोलीत लावू."
मी "हो सर" म्हटलं. डोक्यात डिस्कचे आकडे होते. कंपनीच्या बसमध्ये बसले, बस नाक्यावर आली, आणि मग एकदम आठवलं. अंबूबाई!

६ मार्च
अंबूबाईबद्दल इथं कधी नीट लिहिलंच नाही. रोज दिसतं ते माणूस लिहीत नाही.
शिलाई खात्यात आहे, टॉवेलच्या कडा मारते. हातमागवाल्या तेलुगू घरातली. माझ्या आईहून थोडी लहान असेल. घरात मुलगी आणि नात, कमावणारी ही एकटी. तीन उन्हाळ्यांपूर्वी मशीनवरच डोकं टेकवून बसली होती, मला वाटलं झोपली. हात लावला तर गार घाम. शिलाई खात्याला पत्र्याचं छप्पर आहे, आणि मे महिन्यातलं आपलं सोलापूर. मी आणि दत्तानं तिला धरून सर्व्हर रूममध्ये आणलं आणि फरशीवर निजवलं. आख्ख्या कारखान्यात कामाच्या बाजूला गार जागा ती एकच. मशीनसाठी, माणसांसाठी नव्हे.
तेव्हापासून उन्हाळाभर जेवणानंतर ती येते. रॅकच्या बाजूला भिंतीला टेकून बसते, डोळे मिटते. गोळी चालू आहे. डॉक्टरांनी सांगितलंय, उकाड्यात सलग बसायचं नाही. हे सांगायला डॉक्टर कशाला हवा. मग एकीबरोबर दुसरी, तिसरी अशा शिलाईच्या आणखी काही जणी यायला लागल्या. मी नको म्हटलं नाही.
वरच्या कुणाला सांगितलेलं नाही, आणि त्याला कारण आहे. पॅकिंगमधल्या एका बाईला गेल्या वर्षी फिट आली, तर "घरी आराम करा" म्हणाले. ती अजून आरामच करतेय. वाईटपणानं नाही केलं, घाबरून केलं. पण तिची नोकरी गेली ती गेलीच ना.
तर खोली गेली की अंबूबाईचा उन्हाळा गेला. आणि ती खोली घालवणारी मी.

१० मार्च
नवीन ठिकाणी उतरवलेली कॉपी सुरू केली. निळा पडदा. म्हणजे मशीन कोसळलं. परत सुरू केली. निळा पडदा. पुण्याचा अमोल (ज्यांच्याकडून नवं मशीन घेतलं त्यांचा इंजिनिअर, आवाजावरून नुकतीच मिशी फुटलेला) फोनवर म्हणाला, "मॅडम, त्याला जुनी डिस्क सापडत नाहीये. ड्रायव्हर घाला." (म्हणजे डिस्क ओळखून देणारा छोटा प्रोग्रॅम.) घातला. संध्याकाळी पडद्यावर तेच जुनं चित्र, तोच डाव्या कोपऱ्यातला शंकराचा फोटो, जो मी कुठल्याशा महाशिवरात्रीला लावला होता. डोळ्यात पाणी आलं. मशीनसाठी रडणारी बाई म्हणून इथं कुणी बघितलं नाही ते बरं.

११ मार्च
आनंद फार टिकत नाही. काल नवीन सुरू केला तेव्हा जुन्याचंही नेटवर्क चालूच. एकाच नावाचे, एकाच पत्त्याचे दोघे जागे. पॅकिंगची लेबलं अर्धी इकडून, अर्धी तिकडून, आणि मध्येच बंद. सुपरवायझर आला तो ओरडतच आला. चूक माझीच. नव्याला आधी एकटं कोंडून ठेवायचं असतं, हे मी दुसऱ्यांना शिकवते.
अंबूबाई भिंतीला टेकून ऐकत होती. सुपरवायझर गेल्यावर डोळे न उघडता म्हणाली, "दोन सुना एकदम घरात आणलीस व्हय?"
हसून हसून पोट दुखलं.

१२ मार्च
आज मेलेच होते. धा.शे. परदेशी पाहुण्यांना कारखाना दाखवत आले. सर्व्हर रूमच्या दाराबाहेर चपलांची ओळ. कापसाचे तंतू आत जातात म्हणून चपला बाहेर काढायचा नियम मीच केलाय, आणि या बायका तो देवळासारखा पाळतात. अगदी टाचा भिंतीला लावून, सरळ.
धा.शे.: "मॅडम, आत काय आरती चाललीय?"
मी: "साफसफाई, सर. महिन्याची."
पाहुणे हसले, त्यांनी चपलांचा फोटो काढला. काय समजले देव जाणे. आत सगळ्या श्वास धरून बसल्या होत्या. पाहुणे गेल्यावर अंबूबाईनं खरोखरच माझ्या टेबलावरचं फडकं उचललं आणि रॅक पुसला. म्हणाली, "तू खोटं बोलायचं नाही ना माझ्यापायी. आता खरं झालं."

१७ मार्च
किल्ली अडली. प्रोग्रॅमला एक किल्ली आहे, बोटाएवढी, मशीनच्या मागे खोचलेली. ती असेल तरच तो उघडतो. आपला प्रोग्रॅम चोरीला जाऊ नये म्हणून दुबईवाल्यानं केलेली सोय. नव्याच्या आत प्रोग्रॅम उघडतो आणि म्हणतो, किल्ली कुठाय. बरोबर आहे, आभासी मशीनला पाठ कुठली, खोचायची कुठं?
अमोल: "मॅडम, या जुन्या किल्ल्या कधी कधी व्हर्च्युअलला चालतच नाहीत. नाहीच चाललं तर जुनं मशीन ठेवावं लागेल. तुमच्या सरांना तसं सांगून टाका."
फोन ठेवला आणि मला आनंद झाला. खरंच सांगते, आनंदच झाला.
धा.शे.ना सांगितलं. "बघा काय होतंय," म्हणाले. त्यांना माझ्याशिवाय यातलं कुणी काही सांगू शकत नाही. मी म्हणेन ते खरं.

२० मार्च
ऊन वाढलं. अंबूबाई आज जेवणाच्या आधीच आली. डब्यातली कडक भाकरी आणि शेंगाचटणी तिथंच काढली. मी म्हटलं, रॅकजवळ खायचं नाही. तर म्हणाली, "तो जेवत नाही म्हणून मी पण जेवू नको?"
रंग बरा नाही तिचा.

२२ मार्च, सुट्टी
किल्ली पर्समध्ये घालून सात रस्त्याला चालत गेले. (कारखाना बंद, म्हणून किल्ली काढता आली. एका वेळी एकाच मशीनमध्ये राहते ती.) मोठ्या मशीनमध्ये खोचली, त्याला सांगितलं ही वस्तू तुझी नाही, तुझ्या पोटातल्याला दे. पहिल्यांदा नाही. मग जुन्यावरचाच जुना ड्रायव्हर शोधून आत टाकला.
उघडला. डिझाइनं आली, ऑर्डरी आल्या, मोराचा टॉवेलसुद्धा आला. सगळं चाललं.
तशीच खुर्चीत बसून राहिले. मग किल्ली काढली, पर्समध्ये घातली, घरी आले. यांनी विचारलं, झालं का? म्हटलं, बघतेय.

२३ मार्च
धा.शे.: "किल्लीचं काय?"
"बघतेय, सर."
किती सोपं असतं.

२७ मार्च
जुन्याच्या समोर पिवळा दिवा. दोन डिस्क एकमेकींच्या नकला करत चालतात, त्यातली एक गेली. आता सगळा कारखाना एका म्हाताऱ्या डिस्कवर. तसली डिस्क आता मिळत नाही. माझ्याकडे रोजची नक्कल आहे, पण ही दिवसा मधेच गेली तर तेवढं काम बुडालं, आणि नवीन तिकडे तयार असताना, फक्त माझ्या तोंडाला कुलूप म्हणून.
अंबूबाईला सांगितलं. सगळंच सांगितलं. किल्ली चालते हेही. वाटलं होतं ती म्हणेल, माझ्यासाठी नको थांबू. सिनेमात म्हणतात तसं.
ती म्हणाली, "जून लागू दे. मग सांग."
मी तिच्या तोंडाकडे बघितलं.
"काय बघतीस अम्मा? तू विचारलीस, मी सांगितले. मे महिना तेवढा काढ. पावसात मला काही होत नाही."
आणि हे बोलताना पिवळ्या दिव्याकडे बघत होती. तिला कळत नव्हतं असं नाही. मला तिचा राग आला, मग वाटलं, उकाड्यात बसणार ती, माझं काय जातंय, आणि माझाच आला.

१ एप्रिल
जुना दुपारी अडकला. लेबलं बंद, गाडी दारात उभी, माल बांधलेला आणि कागद निघत नाहीत. सुपरवायझर, ड्रायव्हर, धा.शे., सगळे माझ्या डोक्यावर. बंद करून चालू केला. ही डिस्क आता उठली नाही तर? उठली. पण मला कळलं की माझ्याच्यानं हे होणार नाही. एका माणसासाठी सगळ्यांचं पणाला लावलंय, आणि ते एक माणूसही त्याच सगळ्यांत आहे.
धा.शे.ना सांगितलं, किल्ली चालते सर. सुट्टीच्या दिवशी हलवते.
"वा! कधी जमलं?"
"आत्ताच," म्हटलं.
अंबूबाईच्या मशीनपाशी जाऊन सांगितलं. तिनं मान हलवली, पाय चालवत राहिली. टॉवेलची कड सरळच येत होती.

५ एप्रिल, सुट्टी
हलवलं. शेवटची कॉपी, किल्ली, पत्ता, नाव. आधी जुन्याला झोपवला, मगच नव्याला उठवला, यावेळी दोन सुना नाहीत. चिंचोळीतून दत्तानं लेबल काढून पाहिलं, फोनवर ओरडला, "निगालं की मॅडम! चक्क निगालं!"
बारा वर्षांत (की तेरा?) त्या खोलीचा आवाज पहिल्यांदा थांबला असणार. मी तिथं नव्हते. काम मात्र झकास झालं. हे लिहिलंच पाहिजे, कारण दुसरं कुणी म्हणणार नाही.

६ एप्रिल
कुणालाच काही कळलं नाही. पॅकिंगवाले म्हणाले, आज जरा फास्ट आहे. बस्स. एवढ्यासाठीच केलं होतं, आणि तरी थोडं वाईट वाटलं.
खोलीत मशीन नाही चालू, एसी चालू आहे. रिमोट माझ्या ड्रॉवरमध्ये. अंबूबाई आली. शांतता तिला आवडेना. "ते घों घों बरं होतं. झोप लागायची."

८ एप्रिल
दत्ता शिडी घेऊन मापं घ्यायला. मी म्हटलं, इतकी घाई? म्हणाला, "मला काय म्हायत. हितनं काढायचा, तितं लावायचा, येवढंच सांगितलंय." मग भिंतीला टेकलेल्या अंबूबाईकडे बघितलं त्यानं. तिला उचलून आणणाऱ्यांत तोही होता. "सोमवारपत्तर येत न्हाय मी. गावाकडं जायचंय नातेपुत्याला. जत्रा हाय."
जत्रा आहे की नाही कुणास ठाऊक.

९ एप्रिल
गेले धा.शे.च्या केबिनमध्ये. ठरवून गेले होते की सरळ सांगायचं: खोली बायकांना विसाव्याला ठेवा. कुणाचं नाव घ्यायचं नाही.
ते म्हणाले, "कल्पना चांगली आहे, पण मागणी कुणाची आहे? कुणाला त्रास होतोय का?" आणि समोरचं पेन उचललं. ते पेन बघून मला पॅकिंगवाली बाई आठवली.
"मला," म्हटलं. "मला होतो, सर. उन्हाचा. चक्कर येते."
कुठून आलं तोंडात, माहीत नाही.
ते एकदम उठले. "अहो मॅडम, आधी नाही का सांगायचं!" पाणी मागवलं. खरंच मनापासून. दोन मिनिटं विचार केला आणि म्हणाले, "मग तुम्ही इथं येताच कशाला? सर्व्हर आता सात रस्त्याला आहे. तुम्हीही तिकडेच बसा. पूर्ण ऑफिस एसी आहे. सोमवारपासून."
माणूस वाईट नाही, हीच पंचाईत. वाईट असता तर भांडले असते.
खोलीचं काय, विचारलं. "आता तुम्ही नाही, मशीन नाही, मग काय गरज?"

९ एप्रिल, पुढे
हे उडालेच. घरापासून चालत ऑफिस! बसची कटकट नाही, दुपारी जेवायला घरी! मी हसले नाही. मग सगळं सांगितलं. हे म्हणाले, "तू तिला सांगितलंस?"
नाही.

१० एप्रिल
सांगितलं.
अंबूबाईनं आधी ऐकून घेतलं. मग विचारलं, "चक्कर कुणाला येते म्हणालीस?"
"मला."
"माझी चक्कर तू घेतलीस?"
"तुमचं नाव यायला नको म्हणून…"
"आणि त्यांनी तुला एसी दिले." हसायला लागली. आधी मला वाटलं हसतेय, मग बघितलं तर नुसतं हसणं नव्हतं. "माझं दुखणं, आणि गारवा तुला. मला विचारलीस का? आं? जून लागू दे म्हणाले तेव्हा लई राग आलता ना तुला? मी निदान तुला तोंडावर सांगितले."
बरोबर बोलत होती. माझ्या चांगुलपणात तिला कुठं जागाच नव्हती, ती नुसती भिंतीला टेकून बसलेली.
म्हटलं, मी सात रस्त्याला जाणार नाही. म्हणाली, "जा की. मला त्याचं काय? तू हितं बसून मला वारा घालणार?"
उठून गेली. आज बाकीच्याही कुणी आल्या नाहीत.

११ एप्रिल
दुपार. बंद मशीनच्या खोलीत बसून लिहितेय, घरी जाईपर्यंत धीर नाही म्हणून.
मघाशी शिलाई खात्याचं एक मशीन थांबलं. एवढ्या आवाजात एक थांबलेलं ऐकू येत नाही, पण मला आलं. बघितलं तर अंबूबाई उठली होती. पदर खोचला, तोंड धुतलं, डबा ठेवायच्या फळीवरून गोळ्यांची पट्टी उचलली आणि हातात धरून सरळ केबिनकडे. मी धावत मध्ये गेले. म्हटलं, अंबूबाई, घरी बसवतील हो.
"बसवू दे. पण माझ्या नावानं बसवू दे."
"मी येते बरोबर."
"नको. तू आलीस की तुलाच देतील."
शिलाई खात्यातल्या सगळ्यांचे पाय थांबले होते. कुणी उठली नाही, पण कुणी मशीनही चालवेना. मग एक उठली, शबाना, तिच्या शेजारच्या मशीनवरची. केबिनच्या दाराबाहेर जाऊन नुसती उभी राहिली. मग अजून एक. आता कितीजणी आहेत इथून दिसत नाही. सुपरवायझर ओरडत नाहीये, हेही नवलच.
ती आत गेल्याला बराच वेळ झाला. दार बंद आहे. आवाज येत नाही, ना तिचा, ना त्यांचा.
मी पण जाऊन उभी राहते. एवढं लिहून.
त्या केबिनमध्ये एसी आहे, म्हणजे निदान आत्ता तरी ती गार असेल. फक्त धा.शे.नी तिला बसा म्हटलं असेल का, एवढंच सारखं मनात येतंय.